तिसरा थर

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रेसला पहिला फर्मा पाठवून निवांत चहा पीत होतो, तेवढ्यात मालकांचा फोन. "काका, हे विमानाचं तिकीट कुणाचं पाठवलंत?"

तिकीट हिचं! एक मार्चचं. लेकीकडे जायचं. पुस्तकाच्या सोळा पानांऐवजी तिकिटाचा फोल्डर गेला माझ्या हातून. "मुद्दामच पाठवलं," म्हटलं, "मार्चच्या आत काम हातावेगळं करायचंय, हे तुमच्या ध्यानात राहावं म्हणून." ते हसले. पटलं असावं. मला मात्र घाम फुटला.

ही आत होती. ऐकलं नसावं.

४ फेब्रुवारी, बुधवार

कुणाला तरी सांगायला हवं, म्हणून इथे लिहितो. मला वाचता येत नाही.

ऑक्टोबरअखेर डोक्यातली एक बारीकशी रक्तवाहिनी तुंबली. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत, आणि गंमत म्हणजे लिहिणंही शाबूत. हात झरझर चालतो. पण लिहून झालेल्या ओळीकडे बघितलं की मुंग्यांची रांग. अक्षरं काय, आकडेही गेले. तारीख कॅलेंडरच्या चौकटी मोजून काढतो. घड्याळ काट्यांवरून कळतं. काल इथे काय लिहिलं ते आज मला वाचता येणार नाही, त्यामुळे तेच तेच लिहिलं जात असेल तर कागदा, तू चालवून घे.

चौतीस वर्षं मी मुद्रितं तपासली. लोकांच्या चुका काढून पोट भरलं. आणि आता हे. आचाऱ्याची जीभ जावी तसं.

डॉक्टर म्हणाले, "येईलही, नाहीही. सांगता येत नाही." हिला मी डिसेंबरातच सांगून टाकलं — आलं वाचता. कारण सरळ आहे. लेकीचं पहिलं बाळंतपण. ही तीन महिने जाणार. मला वाचता येत नाही हे कळलं, तर ही तिकीट फाडून टाकेल आणि माझ्या औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं वाचत बसेल. लेक एकटी पडेल तिकडे. ते मला नको आहे. बस, एवढंच आहे सगळं.

रोज सकाळी तासभर पेपर धरून बसतो. पानं उलटतो. मधेच "अरेरे" म्हणतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रेसचं काम घ्यायला नको होतं. पण नाही म्हटलं असतं तर हिला संशय आला असता. परवा पहिला फर्मा न तपासताच पाठवत होतो; तिकीट गेलं तेच बरं झालं. घड्याळदुरुस्तीचं पुस्तक आहे. नऊ फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे नऊ गठ्ठे. संगणकावर प्रत्येकाचा एक फोल्डर. शिवाय आमच्या घरचे फोल्डर — वीज, गॅस, दवाखाना, तिकीट. सगळे पिवळे! एका मापाचे, एका रंगाचे. नावं खाली लिहिलेली आहेत म्हणे.

शेवटी भाचीला फोन केला. तिला सगळे भिंगरी म्हणतात, एका जागी बसत नाही म्हणून. रंगाच्या डब्यांवरची लेबलं करते. तिला सगळं खरं सांगितलं. आधी तिनं माझ्या संगणकावर काय काय आहे ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "मामा, फोल्डरला चित्रं लावू. नाव वाचायलाच नको."

"मामीला सांगू नकोस."

"बरं."

८ फेब्रुवारी, रविवार

भिंगरी आली. शिकवणी झाली. माझ्या डोक्याचा भुगा.

चित्र करायचं ते एका कागदावर नाही. थरांवर! सगळ्यांत खाली फोल्डरचा पिवळा आकार. त्याच्यावर दुसरा थर, त्यात आपलं चित्र. त्याच्यावर तिसरा, त्यात रंगीत ठिपका. "काचा समजा मामा. एकावर एक ठेवलेल्या काचा. वरून बघितलं की एकच चित्र." बाजूला थरांची यादी असते आणि प्रत्येक थरापुढे एक बारीकसा डोळा. त्यावर टिचकी मारली की डोळा मिटतो आणि थर दिसेनासा होतो.

मी म्हटलं, "गेला!"

"गेला नाही. नुसता दिसत नाही."

हे तिला तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा सांगताना ती माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघत होती.

तिची योजना झकास आहे. प्रत्येक फर्म्याचं एक चित्र, त्यावर लाल आणि हिरवा असे दोन ठिपके. लाल म्हणजे काम बाकी, हिरवा म्हणजे झालं. नको त्याचा डोळा मिटायचा, साठवायचं, फोल्डरला लावायचं. फोल्डरला लावायची रीत मात्र मेनूतून जाते आणि मेनू म्हणजे अक्षरंच अक्षरं. ती मी ओळी मोजून पाठ केली — उजवी टिचकी, सगळ्यांत खालची ओळ, वरचा शेवटचा कप्पा, खालचं बटण. देवळातल्या पायऱ्यांसारखं पाठ.

ही चहा घेऊन आली. पडद्याकडे बघून म्हणाली, "साठी उलटायला आली आणि फोल्डर नटवताय?"

"डोळ्यांना बरं वाटतं," म्हटलं.

"हं," म्हणाली. हिच्या "हं"मध्ये काय काय असतं ते पस्तीस वर्षांत मला कळलेलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

एकट्यानं बसलो. फर्म्यांमधली चित्रंच कापून घ्यायची असं ठरवलं, म्हणजे कुठला फर्मा ते बघताक्षणी कळेल. पहिल्यात लंबक आहे. तो कापला. मागची पांढरी जागा खोडली, तर मागून बुद्धिबळाचा पट निघाला. करड्या-पांढऱ्या चौकटी. तो खोडत बसलो. जितका खोडावा तितका वाढतो. तास गेला. भिंगरीला फोन. "मामा, तो पट नाहीच. तिथे काही नाही, हे दाखवायला तसं दिसतं."

म्हणजे नसलेलं दिसतं आणि असलेलं दिसत नाही! हे कुणी शोधून काढलं असेल?

१० फेब्रुवारी, मंगळवार

सगळे थर एकमेकांत मिसळले. काय दाबलं ते माहीत नाही. लंबकाला कायमचा लाल ठिपका.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज जमलं. लंबक, किल्ली, स्प्रिंग, दात्यांचं चाक, काटे, काच, पक्षी, पट्टा, घंटा. नऊच्या नऊ. सगळ्यांवर लाल ठिपका. गॅसला ज्योत, विजेला दिवा, दवाखान्याला इंजेक्शन. तिकिटाच्या फोल्डरला हिची निळी बॅग. तिचा फोटो काढून कापली. एक मूठ जरा जास्तच कापली गेली, पण बॅग ओळखू येते.

एक गोष्ट जाणवली. या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये अक्षरं कमी. ब्रश म्हणजे ब्रशचं चित्र, खोडरबर म्हणजे खोडरबर, रंग ओतायचा म्हणजे कलंडलेली बादली. चार महिन्यांत ही पहिली जागा, जिथे मला काय चाललंय ते कळतं. निदान अर्धं.

सकाळी पेपरात एका टकल्या माणसाचा मोठा फोटो होता. हिनं विचारलं, "काय विशेष?" म्हटलं, "त्या टकल्याचंच चाललंय सगळं."

"हो का," म्हणाली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आता खरं काम. भिंगरीनं सांगितलं होतं तसं केलं. पुस्तकाचं पान खालच्या थरात, माझ्या लाल खुणा वरच्या थरात. पान तसंच राहतं, खुणा वेगळ्या.

वाचायचं कसं? बोटानं. पडद्यावरचं अक्षर बोटानं टेबलावर गिरवतो. हात फिरला की हाताला कळतं, हा "क". मग पुढचं. असं करत शब्द. सकाळच्या दोन तासांत आठ ओळी. त्यात दोन चुका सापडल्या! दोन खुणा केल्या. तेवढ्यानं छाती फुगली.

खुणा मात्र मला दिसतात आणि कळतात. त्या अक्षरं नाहीत ना. काढून टाकायचं असेल तर शब्दावर आडवी रेघ आणि शेवटी वळलेली शेपटी. आणि चुकून खोडलं असेल तर खाली ठिपक्यांची ओळ, म्हणजे खोडलंय पण खोडू नका, आहे तसं राहू द्या. हिलाही या खुणा येतात. सुरुवातीची बारा वर्षं आम्ही जोडीनंच काम केलं. ही मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, मी मुद्रितावर डोळे ठेवायचो. वाचता वाचता माझं पेन कुठे फिरतं ते बघून शिकली.

दुपारी औषधाची गोळी घेतली की दोन तास मेल्यासारखी झोप लागते. तेवढ्यात ही भिंगरीकडे जाते, बाळाची दुपटी शिवायला. भिंगरीकडे शिलाईचं मशीन आहे.

हिशेब केला. दिवसाला आठ ओळी म्हणजे पुस्तक पुरं व्हायला दीड वर्ष. मुदत पंधरा दिवसांची. बघू.

१४ फेब्रुवारी, शनिवार

लंबक हिरवा झालाय.

मी केला नाही.

फोल्डर उघडला. सोळाही पानांवर लाल खुणा. मी जेमतेम दीड पान केलं होतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

काल घाबरून जास्त लिहिलं नाही. आज नीट बघितलं. प्रत्येक पानाला दोन थर असायला हवेत. खाली पान, वर माझ्या खुणा. तर वर आणखी एक! हा तिसरा कोण? त्याचं नाव आहे काहीतरी, मुंग्याच मुंग्या. त्याचा डोळा मिटला की माझ्या दोन-चार खुणा उरतात. उघडला की पान लालेलाल.

खुणा बरोबर आहेत. एका ओळीवरून बोट फिरवून पडताळून पाहिलं. खरंच चूक होती तिथे. खूण मात्र माझीच का, ते सांगता येत नाही. शेपटी जरा जास्त गोल वाटते.

भिंगरी आली होती. तिला दाखवलं. तिनं बघितलं, नाक खाजवलं, म्हणाली, "असतो असा थर कधी कधी. त्याला हात लावू नका."

"पण केला कुणी?"

"मामा, तुम्ही गोळी घेता ना दुपारी? अर्धवट झोपेत केलं असेल. चौतीस वर्षांची सवय आहे हाताला."

हे मला पटलं, आणि पटलं म्हणूनच भीती वाटली. वाचणं गेलंच आहे. आता आठवणही चालली की काय? पण मग दुसरं मन म्हणतं, हात मला न विचारता लिहितोच की. तसाच तपासतही असेल. डोळ्यांना कळत नाही ते हाताला कळत असेल. गुण हाताचाच म्हणायचा. काही कळत नाही बुवा.

१६ फेब्रुवारी, सोमवार

लंबक पाठवला. या वेळी लंबकच गेला, तिकीट नाही. मालकांचा फोन — "काका, नेहमीसारखंच चोख. आम्हाला वाटलं होतं, आजारपणानंतर जरा..."  मी "छे छे" म्हटलं. फोन ठेवल्यावर लाज वाटली. ज्या कामाची शाबासकी घेतली ते मी केलंय की नाही, तेच मला माहीत नाही.

किल्ली आणि स्प्रिंगही हिरवी.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हातावर पाळत ठेवायची म्हणून उजव्या अंगठ्याला शाईचा ठिपका लावून झोपलो. झोपेत माउस धरला तर शाई लागेल. उठलो तर माउस स्वच्छ, शाई उशीवर. दात्यांचं चाक हिरवं. ही उशीचा अभ्रा धुताना म्हणाली, "लहान मूल तिकडे होणार आहे ना? मग इथे काय चाललंय?"

पेपरात टकल्याचा फोटो पुन्हा. तोच सदरा. त्याचं काहीतरी मोठं प्रकरण दिसतंय. आणि पेपरवाले कागद फार हलका वापरायला लागलेत. हाताला मऊ लागतो, वापरल्यासारखा. आमच्या वेळी असला कागद प्रेसमध्ये उंबऱ्याबाहेरच ठेवला असता.

१८ फेब्रुवारी, बुधवार

वाईट दिवस.

डोळा जरा लवकर उघडला. ही बाहेरच्या खोलीत फोनवर. लेकीशी बोलत होती. "बघते गं. नक्की नाही सांगत. इथलं बघून ठरवते... नाही, ते ठीक आहेत. ठीकच आहेत. पण माझा पाय निघत नाहीये." मग बराच वेळ तिकडचं ऐकत राहिली. मग, "रडू नकोस. मी काय येणार नाही असं म्हटलंय का?"

मी डोळे मिटून पडून राहिलो. पाय का निघत नाही? मी इतका नीट वागतोय. पेपर वाचतो. प्रेसचं काम करतो — कसं करतो ते देव जाणे, पण होतंय. फोल्डर नटवतो. मग पाय का निघू नये?

लेक रडत होती. तिच्या रडण्याला मी कारण आहे, आणि का ते मला सांगता येत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ही माझ्याशी कमी बोलते. बॅग कपाटावरून काढली होती, ती परत वर ठेवली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज हिनं परीक्षाच घेतली. कशासाठी, ते कळलं नाही.

मी संगणकावर बसलो होतो. ही मागे येऊन उभी राहिली. "समजा मी नाहीये. गॅसवाला दारात आलाय. म्हणतोय, मागच्या खेपेची पावती दाखवा. तर?"

मी ज्योतीवर टिचकी मारली. आतली सगळ्यांत वरची पावती उघडली. निळा शिक्का असतो तीच.

"दवाखान्यातून फोन आला. रक्ताचा रिपोर्ट पाठवा म्हणाले."

इंजेक्शन. आत भिंगरीकडून लाल थेंबाचं चित्र लावून घेतलं होतं. तो थेंब उघडला.

"सकाळची गोळी कुठली, दुपारची कुठली?"

हे संगणकात नव्हतं. पण डबीवर मी आधीच चिकटवलंय, अर्धा सूर्य आणि पूर्ण सूर्य. तेही थरांवरच केलं, एकाच सूर्याचा अर्धा भाग झाकून. छापून कापले. डबी दाखवली.

ती डबी हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली. नखानं सूर्याची कड जरा उचकटली होती ती दाबून बसवली. "जमतंय की," म्हणाली.

"म्हणजे काय! न जमायला काय झालं? वाचता येतं मला."

"हं."

संध्याकाळी बॅग पुन्हा खाली. बायकांच्या मनाचा थांग लागत नाही म्हणतात. आमच्याकडे तर बॅगेचाही लागत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

भिंगरी आणि ही स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. मी गेलो तर दोघी दुपट्याबद्दल बोलायला लागल्या. दोन आठवडे शिवण चाललंय, आणि दुपटं एकच झालंय. तेही एका बाजूनं तिरकं.

भिंगरी जाताना म्हणाली, "मामा, तुम्हाला दोघांना शिकवता शिकवता मी म्हातारी होणार."

दोघांना? दुसरं शिवण असेल.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काटे, काच, पक्षी हिरवे. मी आता प्रश्न विचारत नाही. माझ्या वाट्याच्या आठ ओळी मात्र रोज करतो. आठाच्या अकरा झाल्यात. काल "घड्याळ" हा शब्द न गिरवता कळला. नुसता बघून! मग दुसऱ्यांदा बघितलं तर मुंग्या. पण एकदा कळला, हे खरं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

मालकांचा फोन. पुढचं पुस्तक तयार आहे, पाठवू का विचारत होते. म्हटलं, हे संपू दे. हिला एकदा विमानात बसवलं की मालकांना खरं सांगणार. तोवर नाही. काम न करता शाबासकी घ्यायची, हे माझ्यानं आणखी होणार नाही. कोण करतंय ते आधी कळलं तर बरं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पट्टा आणि घंटा हिरवी. पुस्तक संपलं. पाठवलं.

शेवटच्या फर्म्याचं शेवटचं पान मी पूर्ण केलं, स्वतः, तीन दिवस लावून. त्या एका पानावर तिसरा थर नाही. बघून आश्चर्य वाटलं. जसं काही कुणी माझ्यासाठी ते सोडून दिलं होतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज सांगून टाकावं असं चारदा मनात आलं. चहाच्या वेळी, बॅगेचं वजन करताना, हिनं गाऊनच्या खिशात चष्मा शोधला तेव्हा. चौथ्यांदा तर तोंड उघडलंही. ही म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "स्वेटर घेतलास का?"

पस्तीस वर्षांत मी हिच्यापासून एक गोष्ट लपवली आणि तीही धड लपवता येत नाही.  उद्या या वेळेला ही वर आकाशात असेल आणि मी या खोलीत. मला भीती वाटते. लिहून टाकलं. कुणी वाचणार नाही, मी तर नाहीच.

१ मार्च, रविवार

गेली.

भिंगरीच्या गाडीतून सोडायला गेलो. आत जायच्या दारापाशी हिनं माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली. ती नीटच होती. "गोळ्या सूर्य बघून घ्या," म्हणाली. मग, "फोन लावता येतो ना? माझा फोटो दाबायचा."

"येतो गं."

"येतोच," म्हणाली, आणि गेली. मागे वळून बघितलं नाही. मी बराच वेळ त्या दाराकडे बघत उभा होतो. दारावर काहीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

घरी आल्यावर लक्षात आलं, ही सूर्य बघून घ्या म्हणाली. लेबल बघून नाही. सहज म्हणाली असेल.

२ मार्च, सोमवार

सकाळी पेपर आला नाही. नऊपर्यंत वाट बघून पेपरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, तुमचा पेपर तर ताईंनी बंद केलाय. तीन आठवडे झाले."

तीन आठवडे. मग मी वाचत काय होतो?

रद्दीच्या कपाटातून पेपर काढला. एकच. मऊ, घड्यांवर झिजलेला. टकला माणूस त्यातच.

भिंगरीला फोन केला. ती आधी हसली, मग हसायची थांबली. "मामा, बॅगेचं चित्र उघडा. फोल्डर नाही, चित्र. आणि सगळे डोळे उघडा."

उघडलं. मी केले होते ते दोनच थर. खाली पिवळा आकार, वर बॅग. यादीत आता चार आहेत. वरच्या दोघांचे डोळे मिटलेले.

पहिला उघडला. बॅगेवर आडवी लाल रेघ, शेवटी वळलेली शेपटी. जास्तच गोल. ही शेपटी हिची. काढून टाका. जायचं नाही. हे अठरा तारखेचं असणार, लेक रडली त्या दिवसाचं.

दुसरा उघडला. रेघेखाली ठिपके. एक-दोन नाही, बॅगेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. हा त्या पावतीच्या दिवसाचा, सूर्याच्या दिवसाचा. खोडलंय, पण खोडू नका. राहू द्या.

तिला सगळं माहीत होतं. फर्मे तीच पुरे करत होती, मी झोपलो की, इथे, याच खुर्चीवर. माझं एक पान तेवढं ठेवून.

गिरवावं लागलं नाही. एका नजरेत वाचलं. ऑक्टोबरनंतर मला वाचता आलेला हा पहिला अख्खा मजकूर.

हिचा फोटो दाबला. तिकडून "हॅलो" आलं.  म्हटलं, "बॅग वाचली."

 मग म्हणाली, "बरं झालं. आता पेपर सुरू करून घ्या. टकला पुरे."